मधली भाषा

जपानी माणसाचं डोकं नुसतं दुखत नाही, ते 'गानगान' दुखतं. दात 'झुकिझुकि' दुखतो. सुया टोचल्यासारखं झालं तर 'चिकुचिकु', खरचटलेल्या कातडीचं 'हिरिहिरि', उलटीसारखं वाटायला लागलं की 'मुकामुका'. आणि पोटात बारीक, न थांबणारं दुखणं असेल तर 'शिकुशिकु'. हा शेवटचा शब्द मुसमुसून रडण्यासाठीही वापरतात. म्हणजे पोट आतल्या आत मुसमुसतंय, असं काहीतरी.

हे शब्द फक्त लहान पोरांशी बोलायचे नाहीत. तिकडचे डॉक्टर आणि नर्स सत्तर वर्षांच्या माणसालाही असंच विचारतात, झुकिझुकि दुखतंय की चिकुचिकु? आणि जे उत्तर येईल त्यावरून पुढचा विचार सुरू होतो.

आम्ही ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा शेजारच्या रकान्यात इंग्रजी अर्थ होते. थ्रॉबिंग पेन, प्रिकिंग पेन, बर्निंग पेन, डल पेन. प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच एक 'पेन'. आमच्यातल्या सिस्टरनं पेन्सिल घेऊन तो रकाना आडवा खोडला आणि पलीकडे मराठीत लिहायला सुरुवात केली. झुकिझुकि: ठणकतंय, ठसठसतंय. चिकुचिकु: टोचतंय. हिरिहिरि: चुरचुरतंय. मुकामुका: मळमळतंय. गानगान: डोक्यात घण पडतायत. यादी संपली तरी ती थांबली नाही. हुळहुळणं, झोंबणं, चमक निघणं, उसण भरणं, करक लागणं, गोळा येणं, मुंग्या येणं, कणकण. पान भरलं, तिनं उलटं केलं.

काका म्हणाले, "बाई गं, ह्या गावात एवढं दुखतं?"

सिस्टर म्हणाली, "वॉर्डात या की ओ एकदा."

आम्ही म्हणजे पाच जण. सात रस्त्याजवळ एका ओळखीच्यांची क्लासची खोली आहे, शनिवारी संध्याकाळी सहानंतर ती रिकामी असते. तिथं आम्ही दोन वर्षं जपानी शिकतोय. खरं शिकवणारे सेन्सेई पुण्यात, ते आठवड्यातून दोनदा ऑनलाइन भेटतात. शनिवार हा आमचा आमचा. सिस्टर एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. वयानं आमच्यात जवळजवळ सगळ्यात लहान, पण पेशंट हाक मारतात म्हणून आम्हीही सिस्टरच म्हणायला लागलो. दुसरा टॉवेलवाला. पूर्व भागात त्यांचा छोटा कारखाना आहे, घरी तेलुगू. तिसरी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. चौथे काका, बँकेतून रिटायर झालेले. त्यांचा नातू टोक्योत वाढतोय आणि व्हिडिओ कॉलवर आजोबांशी जपानीत बोलून मोकळा होतो, म्हणून काकांनी पासष्टाव्या वर्षी हिरागाना गिरवायला घेतली. पाचवा मी. वालचंदमधून इंजिनिअर झालो, पुण्यातल्या कंपनीत लागलो, २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तो अजून इथंच आहे. क्लायंट जपानी. एन-थ्री पास झालात तर पगारात भत्ता, अशी साधी गोष्ट. भाषेवरच्या प्रेमातून वगैरे मी आलो नाही, आधीच सांगून ठेवतो.

परीक्षेचं म्हणाल तर जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमधल्या पहिल्या रविवारी असते. आम्ही आदल्या दिवशी हुतात्मा पकडून पुण्याला जातो. परीक्षेत बोलायचं नसतं आणि लिहायचंही नसतं. ऐकायचं, वाचायचं आणि गोळे काळे करायचे. एन-फोरला १८० पैकी ९० मिळाले आणि प्रत्येक विभागातला किमान आकडा गाठला की पास. त्यामुळे एखादा माणूस एन-थ्री पास असूनही जपानी म्हातारीसमोर मुका उभा राहू शकतो. आम्हाला ते व्हायचं नव्हतं. म्हणून भाषांतर.

पद्धत अशी. एकानं दहाबारा ओळींचा जपानी उतारा घ्यायचा, त्याचं मराठी करायचं आणि शुक्रवारी रात्री ग्रुपवर टाकायचं. दुसऱ्यानं मूळ न बघता त्या मराठीचं पुन्हा जपानी करायचं. शनिवारी दोन्ही जपानी उतारे शेजारी ठेवायचे. माझ्या धंद्यात याला 'डिफ काढणं' म्हणतात. जुना कोड आणि नवा कोड समोरासमोर ठेवला की कुठली ओळ बदलली ते लाल-हिरव्यात दिसतं. फरक एवढाच की कोडमध्ये ओळ का बदलली हे विचारून कुणी चहा थंड करत नाही.

एक उतारा होता लहान पोराचा. आज्जीसाठी ठेवलेला गोड पदार्थ ते खातं. जपानीत 'ताबेते शिमात्ता'. टॉवेलवाल्यानं केलं, 'खाऊन टाकला'. सिस्टर म्हणाली, छे, 'खाऊन बसला'. टाकला म्हणजे काम उरकलं. बसला म्हणजे आता पंचाईत. जपानी 'शिमाउ'त दोन्ही मावतं, उरकणंही आणि हळहळही. मराठीत मात्र तुम्हाला ठरवावं लागतं की पोराला वाईट वाटतंय की नाही. त्यासाठी उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला, पोराच्या मनात शिरावं लागलं. इंग्रजी रकान्यात या सगळ्याऐवजी 'एट' असतं. खाल्लं. विषय संपला.

इथं इंजिनिअरिंगवाल्या मुलीनं रास्त प्रश्न काढला. मराठीत कशाला करायचं हे सगळं? मुलाखत इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीतून, कंपनीतले ईमेल इंग्रजीत. मराठी कोण विचारणार? तिचं अर्धं बरोबर आहे. मी दिवसभर जपानी बग रिपोर्ट इंग्रजीत आणतो, तिथं मराठीचं काही काम नाही आणि ती घुसवायचा हट्ट मला हास्यास्पद वाटतो. 'सर्व्हर पडला' म्हटल्यानं सर्व्हर लवकर उठत नाही.

पण उरलेल्या अर्ध्यासाठी माझ्याकडे धंद्यातलाच एक शब्द आहे. यंत्राकडून भाषांतर करवताना दोन भाषांमध्ये थेट मजकूर पुरेसा नसेल, तर मधे तिसरी भाषा धरतात. जपानीतून आधी इंग्रजीत, मग इंग्रजीतून मराठीत. या मधल्या भाषेला 'पिव्हट' म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा इंग्रजी असते, कारण तिच्यात मजकुराचा ढीग आहे. सोय मोठी, पण नियम साधा: मधल्या भाषेत ज्याला जागा नाही, ते पलीकडे पोचत नाही. जपानीत ज्येष्ठ माणसाशी बोलताना क्रियापद बदलतं, मराठीत 'तू'चं 'तुम्ही' होतं; मधे 'यू' आला की दोन्हीकडचा मान गळतो. यंत्राला दोष नाही. आम्हीच डोक्यात तो पिव्हट बसवून घेतलाय. जपानी वाक्य ऐकायचं, मनात इंग्रजी करायचं, मग समजलं म्हणायचं.

तो काढून टाकल्यावर काय होतं ते बघा. 'आतामा गा इताई.' इंग्रजीत डोकेदुखी ही तुमच्याकडे 'असते', वस्तू असल्यासारखी. जपानीत आणि मराठीत डोकं दुखतं, बस. 'शिते मिरु' म्हणजे करून बघणं. 'मिरु' म्हणजे खरोखरच बघणं. 'शिते ओकु', करून ठेवणं. 'ओकु' म्हणजे ठेवणं. 'शिते आगेरु', करून देणं. 'आगेरु' म्हणजे देणं. सेन्सेईंनी हे व्याकरणाचे तीन वेगळे धडे म्हणून शिकवले होते, प्रत्येकाला इंग्रजी सूत्र. आम्ही एका शनिवारी तिन्ही संपवले. मग मी सहज म्हटलं की आमच्या घरी पण हेच, 'माडि नोडु', करून बघ. टॉवेलवाला म्हणाला, "चेसि चूडु." काका दोघांकडे बघत राहिले. जपानी, मराठी, कानडी, तेलुगू, चौघीही करून बघतात.

आता मला थोडं सोलापूरबद्दल बोलावं लागेल, कारण बाहेरच्यांना हे गाव चादर, शेंगा चटणी आणि 'बे' एवढंच माहीत असतं. (तो 'बे' शिवी नाही. कितीदा सांगायचं.) आमच्या घरी कानडी बोलतात. शाळा मराठी. अज्जी अक्कलकोटकडच्या खेड्यातली. ज्या सिद्धेश्वरांच्या नावानं इथं संक्रांतीला गड्डा भरतो, त्यांनी बाराव्या शतकात वचनं लिहिली ती कानडीत. पूर्व भागात जा, तेलंगणातून मागं आलेले पद्मशाली विणकर, दुकानांवर तेलुगू पाट्या. जरा इकडे आलात की दखनी. भाजी घेताना माणूस तीन भाषांत घासाघीस करतो आणि त्याला आपण काही विशेष केलं असं वाटत नाही.

याच माणसाला नोकरीच्या अर्जात 'लँग्वेजेस नोन' विचारलं की तो लिहितो: इंग्लिश, हिंदी, मराठी. टॉवेलवाल्याच्या अर्जात आता 'जपानी, एन-फोर' आहे, तेलुगू नाही. कारण त्याला तेलुगू लिहिता-वाचता येत नाही. तो आईशी रोज ज्या भाषेत भांडतो ती त्याच्या लेखी 'येणारी' भाषा नाही, आणि दोन वर्षांपूर्वी अ-आ पासून सुरू केलेली जपानी मात्र आहे, कारण तिचं सर्टिफिकेट आहे. मी माझ्या प्रोफाइलवर कानडी घातलीय हल्ली. एचआरनं विचारलं, बंगळूर ऑफिसला जाणार का म्हणून.

सिस्टरची यादी आम्ही शीटमध्ये टाकली. जपानी, मराठी, आणि मग कुणीतरी पुढे दोन रकाने वाढवले. टॉवेलवाल्यानं आईला विचारून भरलं: आग होणं 'मंट', ठणकणं 'सलुपु', मुंग्या 'तिम्मिरि'. मी अज्जीला विचारलं. आग होणं 'उरी', टोचणं 'चुच्चु', मुंग्या 'जोमु'. अज्जीला वाटलं मला काहीतरी होतंय, तिनं हळद-दूध करायला लावलं.

सिस्टरला ही यादी आमच्यापेक्षा जास्त गरजेची होती. तिला जपानमध्ये वृद्धांची देखभाल करायला जायचं होतं, 'काइगो' म्हणतात त्याला. जपाननं २०१९ मध्ये काही ठरावीक कामांसाठी नवा व्हिसा सुरू केला, २०२१ च्या जानेवारीत भारताशी त्याचा करार झाला. काइगोसाठी जपानीची सर्वसाधारण परीक्षा, शिवाय देखभालीच्या कामाची वेगळी परीक्षा आणि त्या कामात लागणाऱ्या जपानीची आणखी एक. तिथले शब्द भलतेच. 'गोएन' म्हणजे अन्न श्वासनलिकेत जाणं. पण म्हातारा माणूस 'गोएन' म्हणत नाही, त्याला 'मुसेरु' होतं, आणि 'मुसेरु' म्हणजे अगदी नेमका आपला ठसका लागणं. अंथरुणावर पडून पाठीला जखमा होतात त्याला कागदोपत्री 'जोकुसो', बोलताना 'तोकोझुरे'. आपल्याकडे 'शय्याव्रण' आणि 'पाठ सोलपटली' यांच्यात जे अंतर आहे तेच. सिस्टर दोन्ही पाठ करायची आणि म्हणायची, कागदावरचा शब्द परीक्षेपुरता, दुसरा नोकरीभर.

यादी हा आमचा शनिवारचा खेळ होता तोपर्यंत ठीक होतं. मग अज्जी आजारी पडली.

पहाटे तिच्या छातीत काहीतरी व्हायला लागलं. चुलतभावानं दवाखान्यात नेलं. मी क्लायंटच्या रिलीजमध्ये अडकलो होतो, पोचलो तोवर दुपार झालेली. अज्जीला मराठी समजतं, पण दुखायला लागलं की ती कानडीवर जाते. सगळेच जातात आपापल्या घरच्या भाषेवर. ती सकाळपासून एकच म्हणत होती, "उरी, उरी." कानडीत उरी म्हणजे आग, जळणं. मराठीत ऊर म्हणजे छाती. वॉर्डातल्या मावशींनी ऐकलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "उरात जळतंय म्हणत्यात." डॉक्टरांनी ईसीजी काढला. या वयात छातीची तक्रार म्हटल्यावर तो काढायलाच हवा, आणि तो नीट आला. मग केसपेपरवर इंग्रजीत 'ॲसिडिटी' लिहिलं गेलं आणि तिला गुलाबी औषध सुरू झालं.

बघा, कुणी खोटं बोललं नाही. कुणी आळसही केला नाही. कानडीतली आग मराठीतल्या छातीत शिरली आणि इंग्रजीतली पोटातली आम्लता होऊन बाहेर आली. दोन उड्यांत दुखणं कातडीवरून पोटात गेलं.

संध्याकाळी सिस्टर स्वतःची ड्यूटी संपवून बघायला आली, डबा घेऊन. तिला कानडी येत नाही म्हणजे वॉर्डापुरती येते, अक्कलकोट भागातल्या पेशंटांकडून उचललेली. तिनं अज्जीच्या कुशीशी बसून विचारलं, "अज्जी, मेले? ओळगे?" वर की आत? अज्जी लगेच म्हणाली, "मेले." वर. मग तिनं डाव्या कुशीवरून पाठीकडे हात फिरवून दाखवला, ई कडे, या बाजूला. आणि म्हणाली, "इरुवे हरिदाडिदंग." मुंग्या फिरल्यासारखं. सिस्टरनं पदर नुसता सरकवला तर अज्जी कळवळली. पदराचं ओझं ते किती.

सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाली, "हे पोटातलं नाही रे. हे हिरिहिरि आहे. चिकुचिकु पण. एकाच बाजूला."

दवाखान्याच्या कॉटशी बसून, सोलापुरात, आम्ही एका कानडी म्हातारीचं दुखणं जपानीत बोललो. तेव्हा हसू आलं नाही. तिनं ड्यूटीवरच्या डॉक्टरांना जाऊन व्यवस्थित सांगितलं: आतून नाही, कातडीवर; एकाच कुशीला पट्ट्यासारखं; कापड लागलं तरी सहन होत नाही. त्यांनी येऊन पुन्हा नीट तपासलं आणि सांगितलं, लक्ष ठेवू, पुरळ उठलं तर लगेच कळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी कुशीवर पाण्यानं भरलेले फोड आले. नागीण. त्या आजारात आग आणि टोचणी फोडांच्या आधी दोनतीन दिवस येते, आणि पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालेलं चांगलं. अज्जीचं त्याच सकाळी सुरू झालं. महिनाभर कुरकुरली, मग बरी झाली. आता ती सिस्टरला 'डॉक्टर' म्हणते.

त्यानंतरच्या शनिवारी कुणी उतारा आणला नव्हता. काका म्हणाले, चला, कोटणीसांच्या घरी जाऊ.

भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, आता स्मारक. सोलापुरातल्या प्रत्येक पोरानं शाळेच्या सहलीत ते बघितलेलं असतं आणि म्हणून नंतर कधीच बघितलेलं नसतं. गोष्ट माहीत असते. १९१० चा जन्म, मुंबईत डॉक्टरी, १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात निवड, जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार, १९४२ च्या ९ डिसेंबरला बत्तिसाव्या वर्षी तिथंच मृत्यू. शांतारामांचा १९४६ चा सिनेमाही माहीत असतो. सिनेमा हिंदी, त्यामुळे कोटणीस तिथं ज्या भाषेत जगले ती आपल्याला ऐकूच येत नाही.

त्या दिवशी मी मात्र तेवढ्याच गोष्टीचा विचार करत होतो. हा माणूस सोलापूरचा, शिक्षण इंग्रजीतून, आणि समोर हेबेई-शान्शीकडचा शेतकरी पोरगा, पायात गोळी घेऊन पडलेला. सुरुवातीला मधे दुभाषा लागत असणार हे उघड आहे. दुखणं चिनीतून इंग्रजीत येणार, प्रश्न इंग्रजीतून चिनीत जाणार. पथकातले इतर एकेक करून परतले. कोटणीस परतले नाहीत, आणि त्यांनी ती मधली भाषा काढून टाकली. चिनी बोलायला शिकले, वाचायला शिकले. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे पहिले संचालक झाले, तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया चिनीतून शिकवली. गेले तेव्हा शल्यचिकित्सेचं पाठ्यपुस्तक लिहिणं चालू होतं, तेही चिनीत. ज्यानं कधी तिसऱ्या भाषेत साधा ईमेल लिहून पाहिलाय त्याला या वाक्याचं वजन कळेल.

पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली होती आणि प्रत्येकाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन, जोडलं होतं. कोटणीस झाले 'के दिहुआ'. त्यांनी तिथल्याच परिचर्या शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलाचं नाव 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत. मुलगा जन्मला त्याच वर्षी बाप गेला.

टॉवेलवाला फोटोंसमोर उभा राहून म्हणाला, "आपण जपानी शिकालोय हे ह्यांना कसं वाटलं असतं बे?" मला उत्तर सुचलं नाही. सिस्टर म्हणाली, "पेशंट आहे म्हटल्यावर काय वाटायचंय." ती त्या महिन्यात तिसरी परीक्षा देणार होती, तिला बाकीच्या विचारांना वेळ नव्हता. मला ते उत्तर तेव्हा फार सोपं वाटलं आणि आजही थोडं वाटतं. युद्ध ही नुसती पेशंटची बेरीज नसते. पण आमच्या पाचांत वॉर्डात उभी राहिलेली ती एकटीच होती, तेव्हा मी बोललो नाही.

ती पास झाली. तीन परीक्षा, मुलाखत, कागदपत्रं, व्हिसा, यात वर्ष गेलं. मुलाखतीत विचारलं, पेशंट पोट दुखतंय म्हणाला तर काय कराल? आमच्या मुलीनं इंग्रजी रकान्यातून तयार करून दिलेलं उत्तर बाजूला ठेवून ती म्हणाली, आधी विचारीन, शिकुशिकु की किरिकिरि? किरिकिरि म्हणजे पिळवटून निघणारी तीव्र कळ. मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणे मान हलवून हसल्या आणि पुढचा प्रश्नच बदलला. जाताना बॅगेत स्वेटर कमी आणि शेंगा चटणी जास्त होती. वजन काट्यावर भरलं तेव्हा आईनं स्वेटर काढला.

आता ती नागोयाजवळ एका वृद्धाश्रमात आहे. आमचे संध्याकाळचे सहा म्हणजे तिचे रात्रीचे साडेनऊ, दिवसपाळी असेल तर ती शनिवारी फोनवर येते. तिथं गेल्यावर तिला पहिलं कळलं ते हे की म्हातारी माणसं पुस्तकातलं जपानी बोलत नाहीत. तिच्याकडे एक आजी आहेत, नव्वदीच्या. सकाळी पलंगावरून उठवून खुर्चीत बसवलं की म्हणतात, "आ, एराइ." आमच्या पुस्तकात 'एराइ' म्हणजे भारी, थोर, शाब्बास. सिस्टर तीन दिवस त्यांना वाकून 'आभारी आहे' म्हणत होती. "पण मला शंका यालती," ती म्हणाली, "कारण चेहरा शाब्बासकीचा नव्हता." चौथ्या दिवशी तिनं एका जुन्या सहकारी बाईंना विचारलं. त्या भागात 'एराइ' म्हणजे जीव नको होणं, दमून जाणं, त्रास होणं. आजी तिला शाब्बासकी देत नव्हत्या. सांगत होत्या की उठवू नकोस, झेपत नाही.

तेव्हापासून त्यांना आधी पाच मिनिटं पलंगावरच टेकून बसवतात, मग खुर्ची.

गेल्या शनिवारी आम्ही तो शब्द शीटमध्ये घातला. जपानी रकान्यापुढे कंसात 'नागोया'. मराठीसाठी काका म्हणाले 'थकवा', ते कुणालाच पटलं नाही, फार वर्तमानपत्री. मुलीनं 'जिवावर येणं' सुचवलं. सिस्टर म्हणाली तो आळस झाला, यांना आळस नाही. टॉवेलवाल्यानं 'त्राण नाही' लिहिलं आणि स्वतःच खोडलं. मी अज्जीला फोन लावला, तिनं कानडीत काहीतरी सांगितलं जे मला लिहिता येईना, मग मराठीत म्हणाली, "शीण म्हण की."

'शीण' सगळ्यांना आवडला. फक्त सिस्टर थांबली. शीण कष्टानंतर येतो, ती म्हणाली, आणि आजींना सकाळी उठल्याउठल्या होतं, काही न करता. झोप होऊनही होतं का, ते ती सोमवारी त्यांना विचारणार आहे.